आखडलेली खोळ

"सुनेला घराबाहेर काढायचंय," काजितानी म्हातारा म्हणाला, "पण आधी तिनंच केलंय याची खात्री हवी."

शिओमीबाईंनी पाठीमागची उशी सारखी केली. खाजगी गुप्तहेर म्हणून जन्मभर दुसऱ्यांची भांडणं निस्तरून त्यांना आता मनस्वी कंटाळा आला होता. मदतनीस नागुरा पूर्वी पोलिसांची गाडी चालवायचा. माणूस भला, पण डोक्यात प्रकाश जरा उशिरा पडायचा.

"काय केलंय तिनं?" शिओमीबाईंनी विचारलं.

"माझ्या मुलाचा साप मारायला घेतलाय."

मुलगा तोशिआ मागच्या हिवाळ्यात गेला. मागे राहिली त्याची बायको चिझुरू आणि किनाको नावाची पिवळसर, म्हातारी सापीण. किनाको गेली की घर अगदीच सुनं होईल, म्हणून काजितानीनं शहर सोडून चाललेल्या हिरुकावा नावाच्या एकाचा साप घेतला. नव्या सापाबरोबर काय रोगराई येईल सांगता येत नाही, म्हणून त्याला काही महिने वेगळं ठेवतात. काजितानीनं त्याला माडीवर ठेवलं, किनाको खालच्या खोलीतच राहिली. खाऊ घालायचा चिमटा वेगळा, पाण्याचं भांडं वेगळं, दाराशी सपाता वेगळ्या. सुनेला तर त्या खोलीत पाऊल टाकायची बंदी.

तरी किनाकोच्या अंगावर खसखशीएवढे काळे किडे निघाले. नव्या सापावर होते तेच. किनाकोनं खाणं सोडलं.

"डॉक्टर म्हणाले, जगली तर नशीब," म्हातारा मनगट खाजवत म्हणाला. "चिझुरूला मोकळं व्हायचंय. साप गेला की तिला इथं धरून ठेवणारं काही उरत नाही."

"तुम्हाला कोण धरून ठेवणार, ते नाही बोललात," शिओमीबाई म्हणाल्या आणि कोट चढवायला उठल्या.

योनेझावा शहरात काजितानीच्या घरी त्या दिवशी बर्फ दारापर्यंत साचलं होतं. घरात शिरताना नागुरानं चिझुरूचे बूट पाहिले. दाराकडे तोंड करून ठेवलेले, शेजारी भरलेली बॅग.

माडीवरची खोली गारठलेली होती. शिओमीबाईंनी नव्या सापाच्या पेटीखालच्या गादीला हात लावला. विजेवर तापणारी ती गादी थंडगार होती. साप मात्र मजेत वेटोळं करून पडला होता. पेटीत अंथरलेल्या वर्तमानपत्रावर एका कोपऱ्यात लांबट गोल जागा दबून सुरकुतली होती.

हिरुकावाला बोलावून घेतलं होतं. तो दारातच हात वर करून म्हणाला, "किडे माझ्याकडूनच आले असतील, नाकारत नाही. पण मी साप दिला तो थेट माडीवर. खालच्या खोलीत तर मी कधी गेलोच नाही."

"खरं आहे," काजितानी पुटपुटला.

"आणि तुम्ही? किनाकोला बाहेर काढता कधी?" शिओमीबाईंनी त्याला विचारलं.

"छे. म्हातारी आहे ती. पेटीतच असते."

खाली म्हाताऱ्याच्या अंथरुणाजवळ गुडघ्यांवर घ्यायची पांढरी शाल होती. तिच्यावर खसखशीएवढे काळे ठिपके होते. पायथ्याशी शेकायचा डबा ठेवला होता. रात्री उकळतं पाणी भरून पायाशी घेतात, तसला पत्र्याचा, लांबट. वरची लोकरी खोळ जेमतेम अर्ध्यावर आली होती.

"डबा वाढला की काय?" नागुरा म्हणाला.

चिझुरू स्वयंपाकघरात भांडी विसळत होती.

"खोळ कुणी विणली?" शिओमीबाईंनी विचारलं.

"मीच."

"कामाला कुठे असता?"

"धुलाईच्या दुकानात." ती वळली नाही. "बाई, उगाच कशाला खोलात जाता? मीच केलं म्हणून सांगा. संध्याकाळच्या गाडीनं मी माहेरी जाते."

या धंद्यात खोटं बोलणारे ढिगानं भेटतात, पण स्वतःच्या अंगावर ओढून घेणारी माणसं भेटली की शिओमीबाईंना फार दमल्यासारखं व्हायचं. मग त्यांनी सगळ्यांना म्हाताऱ्याच्या खोलीत बोलावलं.

"माडीवरची गादी बंद पडलीय," त्या म्हणाल्या. "तरी साप गारठला नाही, कारण कुणीतरी त्याला शेक देत होतं. कागदावरची सुरकुती या डब्याच्या मापाची आहे. काजितानी बाहेर गेले की चिझुरू दुपारी हा डबा वर नेत होती. सांगितलं असतं, तर बंदी मोडली म्हणून बोलणी बसली असती."

"पाहिलंत?" म्हातारा म्हणाला.

"थांबा. किडे खोळीत शिरले. रात्री तोच डबा तुमच्या अंथरुणात आला. सपाता दोन, चिमटे दोन, पण शेकायचा डबा घरात एकच. आता डब्यापासून किनाकोपर्यंत किडे कुणी नेले? शालीवर ठिपके कसे आले? मनगट कशानं खाजतंय?"

नागुरानं म्हाताऱ्याच्या हाताकडे पाहिलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"मांडीवर घेऊन बसता ना तिला, डबा कुशीत घेऊन?" शिओमीबाईंनी आवाज खाली आणला.

"थंडी असते," काजितानी म्हणाला. "आणि... तोशिआबद्दल बोलायला दुसरं कोण आहे?"

"म्हणजे चूक दोघांची," हिरुकावा म्हणाला.

"चूक कसली, माया. पण एक राहिलं. धुलाईत काम करणारी बाई स्वतः विणलेली लोकरी खोळ उकळत्या पाण्यात घालेल? आखडणार हे तिला ठाऊक होतं. किडे मारायचे म्हणून तिनं मुद्दाम उकळली. म्हणजे हे सगळं तिला आधीच उमगलं होतं."

"मग बोलली का नाहीस?" म्हाताऱ्यानं सुनेला विचारलं.

चिझुरू ओल्या हातांकडे पाहत राहिली. "तुमच्याच मांडीवर तिला किडे लागले, हे कसं सांगू, बाबा? रोज रात्री दाराआडून ऐकू येतं मला, तुम्ही तिच्याशी बोलता ते. माझ्यावर राग धरलात तर चालेल. स्वतःवर धरला असतात तर हा हिवाळा निघाला नसता तुमच्याच्यानं."

म्हातारा गुडघे धरत उठला. शिओमीबाईंना वाटलं, आता माफी मागेल. पण तो बाहेरच्या दाराशी गेला, कण्हत खाली वाकला आणि सुनेचे बूट उचलून कपाटात ठेवले. तोशिआचे असायचे त्या खणात.

"आणखी एक डबा आणू," तो पाठमोराच म्हणाला. "त्याची खोळ वेगळी."

"लोकर आणावी लागेल, बाबा," चिझुरू म्हणाली आणि बॅग आत घेऊन गेली.