रांगेतली पाचवी

मंगळवारी ऑगस्टिन थर्लबी नॉरिचचा महापौर म्हणून शपथ घेणार होता. लोकरी कापडाच्या व्यापारात त्याने नाव काढले होते, आणि आता चर्चमध्ये त्याचे स्मारकही त्याच्या हयातीतच उभे राहत होते. वर तो आणि त्याची बायको जॉइस गुडघे टेकून, खाली सहा मुले ओळीने. त्यातली तीन गेलेली. आईबापांआधी गेलेल्या मुलाच्या हाती कवटी कोरायची, असा रिवाज होता. जिवंत मुलांचे हात नुसते जोडलेले.

शनिवारी सकाळी तो मूर्ती पाहायला गेला. ओल्या चुन्याचा वास येत होता. त्याची नजर कवट्यांवरून फिरली.

चार होत्या.

चौथी कवटी पाचव्या मूर्तीच्या हाती होती, जुडिथच्या. नऊ वर्षांची जुडिथ तासाभरापूर्वीच घरी थोरल्या भावाशी लोण्यावरून भांडली होती.

"गिलम, डोळे फुटले का तुझे? माझी पोर जिवंत आहे!"

पाथरवट जवळ आला आणि पांढराफटक पडला. "मालक, मी हात जोडलेलेच कोरले होते. बायकोची शपथ. आणि बायको मला आवडते हो."

"उडव ती कवटी. माझ्यासमोर."

छिन्नीचे घाव बसत गेले. दगडी बोटांत नुसती पोकळी उरली.

तो घरी आला, तेव्हा जुडिथ तापाने फणफणली होती. "तुम्ही गेलात न् पोरीनं अंग टाकलं," जॉइस म्हणाली. दोन दिवस तो तिच्या उशाशी बसून होता. सोमवारी ताप उतरला. छिन्नी वेळेवर चालली, असे त्याने मनाशी धरले.

मंगळवारी शपथ झाली. दुपारी घरी मेजवानी बसली. जुडिथ दोन्ही हातांची ओंजळ छातीशी धरून बसली होती.

"नीट बस गं," जॉइस दबक्या आवाजात म्हणाली. "पाहुणे बघतायत."

"हे पडेल ना, आई."

"महापौरांची लेक आत्तापासूनच माल दडवतेय!" कुणीतरी ओरडले. सगळे हसले.

ऑगस्टिन वाकला. ओंजळ रिकामी होती. त्याने ती खाली दाबून पाहिली. ती तसूभरही हलली नाही.

"फार जड झालंय, बाबा," ती कुजबुजली. "कुणाला देऊ?"

सगळ्यांनी त्याच्या नावाने पेले उंचावले होते.



जुडिथच्या शेजारी बसलेल्या पाच वर्षांच्या सिसलीने चमचा खाली ठेवला, आणि बहिणीपुढे दोन्ही हात पसरले.