‘विंचू’ची टाकी भरेना

“टाकी भरली,” पाणक्या तिसऱ्यांदा म्हणाला.

टाकी रिकामी होती. अगदी ठणठणगोपाळ नव्हती, पण दोनशे चाळीस लिटरच्या टाकीत पंधरा-वीस लिटर पाणी असेल, तर तिला काय भरलेली म्हणायचं? मी पलंगाखालची फळी उचलून टाकीवर बोटांनी वाजवून पाहिलं. ढब ढब असा पोकळ आवाज आला. भरलेली टाकी अशी वाजत नाही, हे पहिलीतलं पोरही सांगेल.

पाणक्या कोण, ते आधी सांगते. हिंगणमाळ गावच्या पाणवठ्यावर येणाऱ्या गाड्यांना पाणी भरून देणारा तो यंत्रमानव. त्याच्या हातात लांब रबरी नळी असते आणि नळीच्या टोकाला चाप. चाप टाकीच्या तोंडात घट्ट बसवायचा. पाणी उलटं यायला लागलं की तो टक् करून आपोआप बंद होतो. चाप बंद झाला म्हणजे टाकी भरली, एवढंच त्याला शिकवलेलं. त्यापुढे त्याचं डोकं चालत नाही, पण स्वभावाने गोड आहे. प्रत्येकाला ताई-दादा करतो.

आणि विंचू म्हणजे आमचं फिरतं घर. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, म्हणून आजोबांनी गाडीचं नाव विंचू ठेवलंय. आत दोन पलंग, एक शेगडी, छोटीशी मोरी, आणि छपरावर उन्हावर वीज करणाऱ्या पट्ट्या. गाडी चालताना आवाज करत नाही, आणि आम्हाला तेच हवं असतं. कारण माझे आजोबा, डॉ. अभिजित मोहोळकर, पक्ष्यांचे अभ्यासक आहेत. त्यातही माळढोक या एकाच पक्ष्यामागे त्यांची तीस वर्षं गेली आहेत. माळढोक उंचीला जवळजवळ माझ्या खांद्याला लागेल, पण घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो. कुत्र्याने, कावळ्याने, गुराच्या खुराने ते कधी नाहीसं होईल, सांगता येत नाही.

आमच्या माळावर आता चौदा माळढोक उरले होते, आणि त्यातल्या एका मादीने अंडं घातलं होतं. ते पाच-सहा दिवसांत फुटणार होतं. जवळ जाऊन त्याची नोंद ठेवायची परवानगी फक्त एका गाडीला मिळाली होती, आमच्या. बारा वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत. मला जूनमध्ये बारावं पूर्ण झालं. गेलं वर्षभर मी दिवस मोजत होते, खोटं कशाला सांगू?

अट एकच होती. संध्याकाळी पाचला फाटक बंद. त्यानंतर नऊ दिवस कोणी आत जायचं नाही आणि बाहेरही यायचं नाही, म्हणजे मादी बिचकत नाही. पावसाने दडी मारल्यामुळे माळावरचं तळं कोरडं पडलं होतं. नऊ दिवसांचं पाणी सोबत नसेल तर फाटकावरच्या वनरक्षक हौसाताई गाडी परत पाठवणार होत्या. आता सव्वादोन वाजले होते आणि माळ तिथून दीड तासावर होता.

आजोबा घाईच्या वेळी जास्तच सावकाश बोलतात, त्याचा मला राग येतो. ते म्हणाले, एकेक कारण घेऊ आणि खोडत जाऊ. आधी आम्ही नळी तपासली. कुठे पीळ नव्हता. मग त्यांनी पाणक्याला धार निम्मी करायला सांगितली, कारण पाणी फार जोरात आलं तरी ते तोंडाशी तुंबतं आणि चाप फसतो. निम्म्या धारेनेही टक् झालंच. गाडी तिरकी उभी आहे का पाहिलं, ती सपाट जमिनीवर होती. टाकीच्या तोंडातली जाळी काढून पाहिली, तर ती माझ्या ताटापेक्षा स्वच्छ. जाळी बसवायला मी वाकले तेवढ्यात आतलं पाणी भसकन उसळून माझ्या तोंडावर आलं.

मी चिडले. आजोबा मात्र खूश झाले. टाकीत काहीतरी दाबलं गेलंय आणि तेच पाण्याला परत ढकलतंय, असं त्यांचं म्हणणं. ते काहीतरी म्हणजे काय, ते मला ओळखायला सांगितलं.

मी म्हटलं, “हवा.”

“बरोबर. विहिरीत कळशी पालथी सोडली तर भरते का?”

भरत नाही, हे मला माहीत होतं. कळशी आडवी करावी लागते. मग बुडबुडे बाहेर पडतात आणि तेवढंच पाणी आत शिरतं. रिकामी कळशी खरं तर रिकामी नसतेच, ती हवेने भरलेली असते. हवा जागा अडवते. ती निघाल्याशिवाय पाण्याला जागा मिळत नाही. टाकीला तर आडवी करता येत नाही, म्हणून तिला एक हवानळी (टाकीतली हवा बाहेर जाण्यासाठीची बारीक नळी) ठेवलेली असते. आमच्या हवानळीचं तोंड पाणी भरायच्या तोंडाशेजारीच आहे, एकाच झाकणाखाली.

आता इथे मला एक कबूल करायला हवं. त्या हवानळीच्या तोंडावर मी फडकं बांधलं होतं.

परवा माझ्या पेल्यात मुंगी निघाली. आमच्या घरी माठाला, घागरीला, नळाला, सगळ्याला फडकं असतं. मग टाकीची नळी उघडी का ठेवायची? मी आईच्या जुन्या सुती ओढणीचा तुकडा घेतला, चौपदरी केला आणि सुतळीने आवळून बांधला. त्यानंतर काल आम्ही एका गावात टाकी भरली (ते पाणी खारट निघालं म्हणून आज सकाळी सोडून दिलं) आणि ती काठोकाठ भरली. म्हणजे फडक्याचा काही दोष नाही, असं मी आजोबांना ठासून सांगितलं. आजोबांनाही पटलं. त्यांनी खिशातला रुमाल काढला, चौपदरी केला आणि तोंडाला लावून फुंकलं. हवा आरपार गेली. कापडातून आपण पाणी गाळतो, मग हवा तर त्याहून पातळ, असं म्हणून त्यांनी ते कारण खोडलं.

राहिलं एकच. हवानळीच्या आत मध्येच कुठेतरी कुंभारीण माशीने मातीचं घर केलं असावं. या माशीला असली बारीक भोकं फार आवडतात. नळी पलंगाखालून, भिंतीआडून वर आली होती. ती सोडवायला दोन तास लागले असते. आजोबा पाना घेऊन पलंगाखाली शिरले. पाणक्या मला म्हणाला, “ताई, चाप न लावता तांब्याने ओतू का?” आम्ही तसंही करून पाहिलं. एक तांब्या आत, मग गुळगुळ करत तोंडातूनच हवा वर, मग अर्धा तांब्या बाहेर. असं भरत बसलो असतो तर रात्र झाली असती.

तीनला दहा कमी होते. मला रडू येत होतं. एका टाकीपायी माझं अख्खं वर्ष वाया जाणार होतं. ऊनही मी म्हणत होतं. मी पंचा नळाखाली भिजवला, दुमडला आणि चेहऱ्यावर टाकून पायरीवर टेकले.

आणि श्वास घेतला तर श्वास येईना.

पंचा नाकातोंडाला चिकटला. मी तो ओढून काढला, पाहिला, पिळला आणि पुन्हा तोंडाला लावून फुंकलं. गालांचे फुगे झाले, हवा काही जाईना. दोरीवरचा कोरडा पंचा घेऊन फुंकलं तर सहज गेली.

मग मला आठवलं. काल फडकं कोरडं होतं. आज इथे पाणवठ्यावर आल्याबरोबर, ते धुळीने मळलेलं दिसलं म्हणून, मीच ते धुतलं होतं आणि तसंच ओलं परत बांधलं होतं. मी लई स्वच्छतेची ना!

खरं सांगते, क्षणभर वाटलं की गुपचूप फडकं काढून टाकावं आणि म्हणावं, बघा, आपोआप झालं. पण आजोबा पलंगाखाली पाठ मोडून नळी सोडवत होते. मी जाऊन त्यांचा पाय हलवला.

“आजोबा, बाहेर या. चूक माझी आहे. मी ते फडकं आज धुतलंय.”

ते तसेच आडवे राहून हसायलाच लागले आणि डोकं पलंगाला आपटून घेतलं.

आम्ही सुतळी सोडली. फुस्स करून दाबलेली हवा बाहेर आली. पाणक्याने चाप लावला आणि पाणी चाललं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, चाप काही वाजेना. शेवटी हवानळीतून पाण्याची बारीक धार आली आणि मग टक् झालं. मी टाकी वाजवून पाहिली, आवाज गच्च होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते आमच्यावरूनच पडलं असावं.

पाणी भरेपर्यंत आजोबांनी मला कारण सांगितलं. कापडाच्या धाग्यांमध्ये बारीक बारीक भोकं असतात. कोरडी असताना ती उघडी असतात. कापड भिजलं की प्रत्येक भोकात पाण्याचा पातळ पडदा बसतो. पाण्याचे कण एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे तो पडदा ताणलेला राहतो आणि सहजी फाटत नाही. याला पृष्ठताण (पाण्याच्या पृष्ठभागावरचा ताण) म्हणतात. भोक जितकं बारीक, तितका पडदा चिवट. हवेने फारच जोर केला तरच तो फुटतो. कापडातून पाणी जातं, कारण पाणी पाण्यात मिसळतं. हवेची मात्र वाट अडते.

“आणि मला हे माहीत होतं,” आजोबा म्हणाले. “लहानपणी आम्ही सीना नदीत पायजम्यावर पोहायला शिकलो. पायांना गाठी मारायच्या, पायजमा ओला करायचा, हवा भरायची आणि धरून तरंगायचं. कोरड्या पायजम्यात हवा टिकतच नाही.”

मग माहीत असून तुम्ही कसे फसलात, असं मी विचारलं. ते म्हणाले, मी फडकं तपासलं खरं, पण दुसरंच. जे फडकं नळीवर होतं तेच फुंकून पाहायला हवं होतं. आणि काल चाललं ते आज का चालत नाही, तर मधे काय बदललं, हे तुला विचारायला हवं होतं. तुझी चूक अर्धी आणि माझी अर्धी.

मुंग्यांसाठी आम्ही चहाच्या गाळणीची तारेची जाळी कापून नळीवर बसवली. तिची भोकं मोठी, त्यामुळे पडदा टिकत नाही. पाणक्यालाही मी शिकवलं की चाप बंद झाला तरी टाकी एकदा वाजवून पाहायची. त्याने ते लगेच पाठ केलं.

फाटकावर पोचलो तेव्हा पाचला सात मिनिटं कमी होती. हौसाताईंनी टाकीवर स्वतःची बोटं वाजवून पाहिली आणि आत सोडलं.

पुढचे चार दिवस आम्ही गवतात दडवलेल्या विंचूतून दुर्बिणीने मादीकडे बघत होतो. अंड्याजवळ बोटाएवढा ध्वनिग्राहक (आवाज टिपून दूर पाठवणारं यंत्र) ठेवलेला होता. चौथ्या दिवशी मी आजोबांना विचारलं, बंद अंड्यात पिल्लाला हवा कुठून मिळते? ते म्हणाले, तूच सांग, कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात.

मी बराच वेळ विचार केला. टाकीत पाणी आत येतं तेव्हा हवा बाहेर जाते. अंड्यात उलटं होत असणार. छिद्रांतून अंड्यातलं पाणी थोडं थोडं वाफ होऊन जात असेल, आणि गेलेल्या पाण्याच्या जागी हवा येत असेल. आजोबा म्हणाले, अगदी तसंच. ती हवा अंड्याच्या रुंद टोकाशी साठते. पिल्लू कवच फोडण्याआधी चोचीने त्या पोकळीत शिरतं आणि पहिला श्वास तिथे घेतं. श्वास सुरू झाला की आतूनच आवाजही करतं.

पाचव्या दिवशी सकाळी सहा वाजून अकरा मिनिटांनी कानातल्या यंत्रात आवाज आला. चिक्. मग पुन्हा, चिक् चिक्. दुर्बिणीतून पाहिलं तर मादी मान वाकवून खाली बघत होती आणि तिच्या पायाशी अंडं अखंड होतं. एक तडासुद्धा नव्हता.

आजोबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि त्यांनी ते पुसलंही नाही. त्यांनी नोंदवही माझ्याकडे सरकवली. मी वेळ लिहिली, तारीख लिहिली आणि पुढे लिहिलं: माळावरचा पंधरावा माळढोक. अजून अंड्यात आहे. श्वास घेतोय.