पहिल्या थराची दाढ

डॉ. हेरंब सबनीस प्रयोगशाळेतल्या खुर्चीत तोंड उघडून बसले, तेव्हा कुंदा टिळेकरने दहा वर्षांचा राग गिळून हातमोजे चढवले. दातावर बसवायची सजीव टोपी तिने शोधली होती. सबनीसांनी निबंधावरून तिचं नाव उडवलं, तिच्या वह्या गायब केल्या आणि तिला साचे घडवायला बसवलं. ज्याने तिला टोपी घातली, त्याच्याच दाढेवर आज ती टोपी बसवत होती. शोध कुणाचा हे ठरवायला समिती सहा महिन्यांनी बसणार होती, आणि कुंदाकडे पुरावा म्हणून कागदाचा कपटाही नव्हता.

"जरा पुन्हा समजावून सांग," सबनीस म्हणाले. "समिती विचारेल."

चोरलेला माल कसा वापरायचा हेसुद्धा मालकिणीलाच विचारायचं, म्हणजे कमालच झाली. पण कुंदाने शांतपणे सांगितलं.

"टोपीत सूक्ष्मजीव आहेत, सर. लाळेतलं कॅल्शियम घेऊन ते दाताचं कवच विणतात. झीज झाली, की होतं तसंच भरून काढतात. कोऱ्या दातावर गेले, तर मात्र त्यांनी आयुष्यातला पहिला थर जसा विणला होता, तसाच पुन्हा विणतात."

"आणि थांबतात कसे?"

"घासल्याने. वरून समोरचा दात घासतो, बाजूंनी ब्रश. दोन दातांच्या फटीत तुम्हीच रोज दोरा फिरवायचा. नाहीतर टोपी शेजारच्या दातावर चढेल."

"अगं, दोरा कशाला? टोपीला कुठे कीड लागते?"

"टोपीला नाही लागत. तिच्या कडेला खालच्या दाताला लागते. साध्या टोपीचीही कड जपावी लागते, सर. ही तर जिवंत आहे."

काळजीच्या सूचनांचा कागद तिने पुढे केला. सबनीसांनी न वाचताच सही ठोकली. कुंदाने लिहिलेलं न वाचता खाली आपलं नाव घालायची त्यांची सवय जुनीच होती. पहिला थर कुठे विणला होता, हेही त्यांनी विचारलं नाही. कुंदाने जिभेने स्वतःची दाढ चाचपली. लहानपणी सुपारी फोडताना तिचा कोपरा उडाला होता.

सहा महिने तिला एकच धास्ती होती. हा माणूस खरंच दोरा फिरवू लागला तर? पण सबनीस मेजवान्यांत टोपीवर ऊस सोलून दाखवत हिंडले.

समितीसमोर त्यांच्या जबड्याचं चित्र पडद्यावर उमटलं. टोपी सुरेख होती. अध्यक्षा मृणाल घैसास मात्र टोपीच्या दोन्ही शेजारच्या दातांकडे बघत राहिल्या.

"या दोन्ही दातांवर एकाच जागी ही तिरपी खाच कसली?"

"असेल काहीतरी... झीज," सबनीस म्हणाले.

"झीज भरून निघते ना? तुमच्याच निबंधात, पान अकरावर आहे, की कोऱ्या दातावर पहिला थर पुन्हा विणला जातो. मग पहिला थर कुणाच्या दातावर विणला होता?"

सबनीसांनी पान अकरा आयुष्यात वाचलं नव्हतं. कुंदा उठली, तपासणीच्या खुर्चीत बसली आणि तिने तोंड उघडलं. पडद्यावर तिची दाढ उमटली, तीच तिरपी खाच घेऊन. कुंदाला इतकं बरं दहा वर्षांत वाटलं नव्हतं.

जाताना तिने दोऱ्याचं रीळ सबनीसांच्या हातात ठेवलं.

"आता तरी रोज फिरवा, सर. टोपी पुढच्या दातांकडे निघाली आहे. दिवाळीत हसाल, तेव्हा लोकांना माझी दाढ दिसेल."