कपाटाचा चौथा पाय

"माझ्या माणसाचा जीव कपाटानं घेतला म्हणतात. मले नाही पटत."

मथुराबाई खुर्चीत बसल्या. आदिलाबादेत खासगी तपास करणाऱ्या विनोदिनीताईंनी त्यांना पाणी दिलं. सहायक हेरंबनं वही उघडली.

इंद्रवेल्लीच्या घरात जुनं सागवानी कपाट त्यांच्या नवऱ्यावर, सुधाकररावांवर, कोसळलं होतं. पुढचा पाय निखळला, अपघात झाला, असं पोलिसांचं मत.

"आमी दोघं बासरला दर्शनाले गेलो होतो. परतलो त्याच्या दुसऱ्याच सकाळी झालं. मागं पुतण्या होता, देवानंद. मीच वाढवला त्याले. त्यानं कुलदीपच्या माणसाकडून कपाटाले पॉलिश करून घेतलं."

कुलदीपचं नेरडीगोंड्याला जुन्या फर्निचरचं दुकान होतं.

इंद्रवेल्लीत विनोदिनीताईंनी कपाटाचे पाय मोजले. तीन किंचित लंबगोल. निखळलेला मात्र अगदी गोल.

"जुनं लाकूड आडवं आकसतं, हेरंब. शंभर वर्षांत गोल पाय गोल राहत नाही. हा नवा आहे."

"म्हणजे खून?" हेरंबनं विचारलं.

कुलदीपला बोलावलं. "कपाट मागितलं होतं मी. सुधाकरराव नाही म्हणाले, विषय संपला. जुन्या काळच्या धोंडीबा सुतारानं घडवलेलं आहे ते. ड्रॉवरखाली त्याची खूण, कोरलेला पोपट असतो."

"आणखी कुठं खूण?"

"नाही. एकच."

मग देवानंद आला. "मी कपाटाकडं फिरकलोबी नाही. पॉलिशवाला एकटाच होता तिथं."

"कपाट धोंडीबा सुताराचंच कशावरून?" विनोदिनीताईंनी विचारलं.

"पोपट आहे ना. एक ड्रॉवरखाली, एक पायाच्या डोक्यावर. कुलदीपले विचारा."

विनोदिनीताईंनी सगळ्यांना कपाटापाशी बसवलं. हेरंबनं एका जुन्या पायावर हातोडा घातला. बऱ्याच घावांनी सांध्यातला वाळलेला सरस तडकला आणि पाय खाचेतून निघाला. त्याच्या माथ्यावर इवलासा पोपट होता.

कुलदीप ताडकन उठला. "हे मलाही माहीत नव्हतं!"

"कसं असेल? पाय उपसल्याशिवाय तो दिसत नाही. या तिघांचा सरस आजवर कुणी मोडलेला नव्हता. उपसला गेला तो चौथा. त्या जागी सरस न लावता बोटभर खुंटीचा नवा पाय बसवला, दार ओढताच निसटावा असा. ज्यानं बदलला, त्यालाच तो पोपट दिसला. देवानंद, तुम्ही कुठं पाहिला?"

देवानंद पांढराफटक पडला.

"चौकातली जागा काकू मले न देता शाळेले देऊन राह्यली होती," तो पुटपुटला. मग एकदम मथुराबाईंकडे वळला. "पण काका काऊन गेले तिथं? ते कपाट तर रोज तूच उघडतं!"

मथुराबाईंनी पदर अंगाभोवती ओढून घेतला.

"मले ताप होता रे," त्या म्हणाल्या. "शाल काढाले गेले ते."