ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा

बस, तियेसे. पंखा बंद पडलाय, दार उघडंच राहू दे. या भर दुपारी ऑफिसात काळं कुत्रं फिरकत नाही, तेव्हा निवांत सांगतो. सकाळी तू विचारलंस, "फिलिमोनी काका, पाहुणे सारखं विचारतात, जंगल बघायला कुठला मोसम सगळ्यात चांगला? काय कळवू?" नवीन आहेस, विचारणारच तू. जून लिही. डोळे मिटून जून लिही.

आता म्हणशील, जूनमध्ये गवत माणसाच्या डोक्यावर, त्यात रानरेडा उभा असला तरी शिंग दिसायचं नाही. खरंय. जुलै-ऑगस्टात पहाटे दातावर दात वाजतात. सप्टेंबरात नदीच्या दरडीत लाल वेडे राघू बिळं करतात, तो महिना बरा. आणि ऑक्टोबर? अगं बाई! चव्वेचाळीस अंश ऊन, सगळी डबकी आटलेली, मोठ्या नदीला करंगळीएवढी धार, पाणघोडे एकमेकांच्या अंगावर, आणि अख्खं जंगल त्या धारेशी येऊन उभं. बिबट्या शोधावा लागत नाही. वीस वर्षं मी प्रत्येकाला एकच कळवत आलो, ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. पाहुणे खूश होऊन जायचे. त्या उत्तराचा मला माज होता, खोटं कशाला बोलू.

आमची पायी चालण्याची रांग तू अजून पाहिली नाहीस. सगळ्यात पुढं बंदूकवाला, त्याच्या मागं मी, मग पाहुणे, आणि सगळ्यात शेवटी चहावाला. त्याच्या हातात किटली, खांद्यावर झोळी, झोळीत पत्र्याचे पेले. माझ्या बापानं एक नियम घालून दिला होता. वाट दाखवणाऱ्यानं मागं बघायचं नाही, नजर गवतावरून हलली की संपलं. म्हणून पेले मुद्दाम सैल बांधायचे. खुळुक्... खुळुक्... मागून वाजत राहिले की समजायचं, रांग पुरी आहे. वाजायचे थांबले की जागच्या जागी थांबायचं.

माझा चहावाला म्हणजे माझा धाकटा भाऊ, मतेयो. सव्वीस वर्षांचा. सारखी माझी चेष्टा करायचा. "दादा, तुझी पाठ मला तुझ्या तोंडापेक्षा जास्त ओळखीची झालीय. उद्या तोंड धुतलं नाहीस तरी चालेल."

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. कोरड्या नदीपलीकडची आपली गवताची छावणी दर वर्षी मोडावी लागते, हे तुला ठाऊक आहे. घाटमाथ्यावर पहिला ढग चढला की त्याच दिवशी गवत पेटवायचं, भांडी गाडीत टाकायची आणि नदी ओलांडून अलीकडे यायचं. दोन दिवस ढग चढत होते. पण माझे चार पाहुणे त्या आठवड्यासाठीच आले होते, माझं पत्र वाचून. त्यांना मी कुठल्या तोंडानं परत पाठवू?

मतेयो सकाळी मक्याच्या न्शिमाचा गोळा खाताना हळूच म्हणाला, "दादा, आवरायला घेऊ या. माझं मन नाही होत."

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "चहावाल्यानं चहा सांभाळावा. मोसम सांभाळायला मी आहे."

तो हसला. हात धुतले आणि पेले मोजून झोळीत भरले. ते हसणं मला अजून झोपू देत नाही.

दुपारी आम्ही फेरी आटोपून छावणीकडे परत येत होतो. नदीचं पात्र दोनशे पावलांचं, रेती भाकरी भाजावी इतकी तापलेली. वर आभाळ निळंशार, आमच्याकडे एक थेंब नाही. निम्म्यावर आलो आणि आधी वास आला. ओल्या चिखलाचा, कुजक्या पाल्याचा. सात महिन्यांत न आलेला वास. बंदूकवाला चुलू जागीच थबकला. मग वरच्या वळणाकडून आवाज आला, कुणी खडीची गाडी रिकामी करावी तसा. घाटावरचं पाणी सुटलं होतं.

मी ओरडलो, "पळा!" दोन पाहुण्यांची मनगटं धरली आणि पळालो. दरड चढलो, पोटावर पडलो. चार पाहुणे होते, चुलू होता. मग मी वळून पाहिलं. या काठापासून त्या काठापर्यंत तांबडं पाणी, झाडं वाहून चाललेली. मतेयो नव्हता.

पुढचे पाच महिने मी रेतीचा प्रत्येक उंचवटा उकरला. हाड नाही, झोळी नाही, काही नाही. आई तेव्हापासून घरात निजत नाही, ओट्यावर निजते. तिची चूल पेटलेली नाही, शेजारीण न्शिमा आणून देते. माती दिल्याशिवाय रडणं कसं संपवायचं, म्हणते. रोज संध्याकाळी मला एकच प्रश्न. "पेले शेवटपर्यंत वाजत होते ना रे?" मी म्हणतो, "हो आई. दरडीपर्यंत वाजत होते. तुझं लेकरू नियमानं चाललं."

दुसऱ्या वर्षी मी सगळ्यांना जून लिहिलं. छावणी ऑक्टोबरच्या पंधरा तारखेला मोडायची ठरली. चौदा तारखेला एक म्हातारे मास्तर बायकोला घेऊन दारात हजर. म्हणे, शेवटच्या आठवड्यापर्यंत राहू. मी म्हणालो, "मी तर तुम्हाला जून कळवलं होतं." त्यांनी खिशातून पत्र काढलं. आपल्याच ऑफिसचा कागद, माझंच अक्षर. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा सगळ्यात चांगला. आणि खाली एक ओळ, जी मी जन्मात कधी लिहिली नव्हती. शेवटी मी असेन, चहा घेऊन.

कागद दमट होता, तियेसे. ऑक्टोबरात! इथं ओठ फुटतात त्या दिवसांत.

शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांना एकदाच फिरवून परत धाडायचं ठरवलं. नवा चहावाला आजारी, म्हणून किटली चुलूनंच घेतली, पेले त्याच्याच पिशवीत, माझ्या पुढं. मास्तर रांगेत शेवटचे. पात्रात उतरलो आणि मागून... खुळुक्... खुळुक्...

मान ताठ झाली माझी. पेले तर पुढं होते.

मास्तर मागून म्हणाले, "अहो, तुमचा हा माणूस पार भिजलाय की. इतक्या उन्हात?"

मी म्हणालो, "चालत राहा. बोलू नका."

"तो काही विचारतोय. म्हणतोय, दादा मागं का बघत नाही?"

मी चालत राहिलो. पात्र संपेस्तोवर चालत राहिलो. दरडीवर आल्यावर मास्तरांच्या हातात पत्र्याचा पेला होता, काठोकाठ चहा भरलेला, वाफा निघत होत्या. त्यांना वाटलं, पाहुणचाराची आमची रीत असेल. म्हणाले, "चहा छान आहे हो. जरा गढूळ आहे, एवढंच."

मागच्या वर्षी एक बाई आली, एकटी. तेच पत्र, तीच ओळ, तोच प्रश्न. तेव्हाही मी मागं बघितलं नाही. आईला मात्र घरी येऊन सांगितलं, आणि तिचे डोळे दोन वर्षांत पहिल्यांदा चमकले. "अरे, मग तो उभा आहे तुझ्यामागं! एकदा वळ, हाताला धर, घरी घेऊन ये. मग मी घरात निजेन." तिची छाती आता खालीवर होताना मोजता येते. पुढचा जून ती बघत नाही. एवढंच मागते गं, मान वळवायची. दुसरं काही नाही.

आणि मला ते जमत नाही. का ते आजवर कुणाला सांगितलं नाही, आज तुला सांगतो.

पेले दरडीपर्यंत वाजले नव्हते. मी पळायला लागलो आणि दहाव्या पावलाला ते थांबले. मला ऐकू आलं, पाण्याच्या त्या आवाजातही आलं. पाणी अजून वळणावरच होतं. पाहुण्यांना चुलूकडे ढकलून मागं जाता आलं असतं, पाय रुतला असेल तर ओढता आलं असतं. थांबले की थांबायचं, हे मला बापानं शिकवलेलं. मी थांबलो नाही. तोंडही वळवलं नाही. भ्यालो मी. आता वळलो तर तो मला बघेल, आणि त्याला ते माहीत आहे.

म्हणून सांगतो, जून लिही. काल मी लिहून दिलेली सगळी पत्रं जूनचीच गेली ना? ... तुझ्या हातात तो कोणता कागद? दमट आहे? ठेव. ठेव खाली, वाचू नकोस.

आज तारीख काय गं? पंचवीस का?

ऐक. आपल्या ऑफिसात पेले नाहीत, हे मला पक्कं माहीत आहे. तुलाही ऐकू येतंय ना? पायरीवर... आता दारात. वास येतोय बघ, चिखलाचा.

माझी पाठ दाराकडे आहे. तू समोर बसलीस, तुला दिसतंय. रडू नकोस, फक्त सांग मला. भिजलाय का? हसतोय का? आई वाट बघतेय, हे सांग त्याला. म्हणावं, दादाला मान वळवता येत नाही.

काय म्हणालीस? हातात दोनच पेले आहेत? एक त्याचा... आणि एक माझा?