वरची ओळ

"ओ साहेब, मासळी कुठंय?"

मिऱ्याच्या किनाऱ्यावर कुणीतरी लोखंडी मांडण्या ठोकल्या होत्या आणि त्यांच्याखाली एक जण उकिडवा बसून स्क्रू आवळत होता. हिराच्या आवाजानं दचकून उठला, डोकं वरच्या पट्टीवर आपटलं... पहिली भेट ही अशी, टेंगूळ घेऊन झाली.

"कसली मासळी?"

"वारा बघून जागा धरलीत, मांडण्यांचं तोंड उन्हाकडं केलंत. मग वाळवणार काय?"

"फळ्या," तो डोकं चोळत म्हणाला. "विमानाच्या."

हिरा अशी हसली, की डोक्यावरची पाटी कलली आणि दोन बांगडे वाळूत पडले. त्यानं ते उचलून दिले — शेपटीला धरून, दोन बोटांनी, जणू चावतील. हा काही दर्यावरचा माणूस नव्हे, तिनं ताडलं. होताही राजापूरकडचा, शेतकऱ्याघरचा. नाव सदानंद. शिकत शिकत बंगलोरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत जाऊन पोचलेला.

तिथं एक छोटं विमान बांधायचं चाललं होतं. प्रयोगाचं, दोन माणसांपुरतं. त्याचे पंख पत्र्याचे नव्हते. कार्बनच्या धाग्यांचं कापड राळेत भिजवून, भट्टीत भाजून केलेल्या काळ्याभोर फळ्यांचे होते. वजनाला हलक्या, ताकदीला भारी. आता या फळ्या खाऱ्या वाऱ्याला पुरून उरतात का, एवढंच बघायला सरकारनं सदानंदला मिऱ्यावर धाडलं होतं. उरल्या, तर दिल्लीची कमिटी पुढचा पैसा देणार, इथलं काम वाढणार. नाही उरल्या, तर मांडण्या उपटायच्या आणि परत जायचं.

"म्हणजे सरकार तुम्हाला फळ्यांकडं बघत बसायचा पगार देतं?" हिरानं विचारलं.

"हो."

"आमच्यात पोरी बघायला माणसं फुकट येतात."

तो लाल झाला. आपण काय बोलून गेलो ते कळल्यावर तीही.

सदानंदची खोली रत्नागिरी शहरात होती. दहाच्या सुमारास सायकल मारत यायचा, फळ्यांचे फोटो काढायचा, वाऱ्याचे आकडे लिहायचा. दुपारचं जेवण हिराच्या आत्याकडं, मालनकडं. तिचं घर मांडण्यांना सगळ्यात जवळ. वाढायला हिरा.

"काय शोधताय ताटात?"

"काटा."

"मग वर बघू नका. काटा ताटात असतो."

मालनआत्या चुलीपुढून खाकरायची. दोघांच्याही माना खाली. पण सायकलची घंटी वाजली की हिराचा हात आपोआप वेणीकडं जायचा, हे आत्याला दिसत नव्हतं असं थोडंच?

आणि एक गोष्ट आत्यालाही माहीत नव्हती. सकाळी विहिरीवरून येताना हिरा मांडण्यांपाशी थांबायची. रात्रीच्या वाऱ्यानं फळ्यांवर मीठ धरलेलं असायचं, पांढरं, चरचरीत. तिच्या घरात दर्यावरून आलेली प्रत्येक वस्तू — नांगर, कप्पी, होडीचं इंजिन — गोड्या पाण्यानं धुऊनच आत यायची. नाहीतर मीठ खातं. हे कुणी कुणाला शिकवत नाही. आणि या तर त्याच्या फळ्या. मांडणीवर पाटी होती, 'हात लावू नये'. तिनं हात कधी लावला नाही. कळशी कलती करायची, पाणी सोडायची, निघून जायची. तो येईपर्यंत वाऱ्यानं सगळं कोरडं.

बोलली नाही कुणाजवळ. असल्या गोष्टी बोलायच्या असतात का?

दीडेक वर्ष असं गेलं. मग त्या थंडीत दिल्लीची कमिटी आली.

जीपमधून कोट घातलेले साहेब उतरले. सगळ्यांत मोठे पानवलकर साहेब, मूळचे इकडचेच, पण हसणं दिल्लीत विसरून आलेले. बरोबर एक मिशीवाला वैमानिक होता. ते विमान पहिल्यांदा वर नेणारा हाच. सदानंदनं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि गुंडी एक घर चुकवून लावली होती. चहाचं ताट घेऊन उभ्या हिरानं डोळ्यांनी खूण केली, पण त्याचं लक्ष कुठलं असायला!

"फळ्या उत्तम राहिल्यात, सर," तो सांगत होता. "फक्त वरच्या ओळीवर फोड आलेत. त्या खेपेचा राळेचा घाणा बहुतेक बिघडला होता."

"मधे कधी साफ केल्यात?" पानवलकरांनी विचारलं.

"छे, सर! मीठ बसलेलंच राहायला हवं. परीक्षा सगळी तीच. धुतल्या तर या आकड्यांना काही अर्थच नाही."

कप पुढं करायला निघालेली हिरा जागीच थांबली.

वैमानिकानं खालच्या ओळीतली एक फळी थोपटली — घोड्याची मान थोपटावी तशी. "इसी के भरोसे ऊपर जाना है, भाई," म्हणाला, आणि हिराच्या ताटातला कप उचलून तिच्याकडं बघून हसला. "चाय अच्छी है, दीदी."

दीदी! बोलावं तर हा उद्या बंगलोरला... न बोलावं तर तो मिशीवाला वर, आभाळात...

ताट आत्याच्या हातात कोंबून तिनं सदानंदला माडाच्या आडोशाला बोलावलं.

"फळ्या धुतल्यात."

"कुणी?"

"मी."

तो हसला. मग तिचा चेहरा बघून हसू जिथल्या तिथं थांबलं. "कधी?"

"रोज. पावसाळ्यात नाय... पावसाळ्यात देवच धुतो."

"आणि वरची ओळ?"

"माझा हात पोचत नाय तिथवर."

त्यानं मान वळवून वरच्या ओळीकडं पाहिलं. ते फोड. राळेचा घाणा बिघडला नव्हताच. खरं काय ते तेवढी एक ओळच सांगत होती, आणि अहवालात त्यानं तिलाच खोटं पाडलं होतं. तो मटकन वाळूत बसला.

"कुणाला सांगितलंस?"

"नाय."

"मग..." त्यानं तिच्याकडं न बघता म्हटलं, "नको सांगूस."

हिरानं साहेबांच्या घोळक्याकडं पाहिलं.

"आणि तो मिशीवाला?"

"अजून तपासण्या होतील, हिरा. दुसरीकडं. सापडेलच काहीतरी..."

"नाय सापडलं तर?"

तो उठून उभा राहिला.

"हे बंद झालं तर मला जावं लागेल. कायमचं. कळतंय का तुला?"

"तुमच्याआधीपासून कळतंय!" तिचा आवाज फाटला. "म्हणून तर उभं राहवत नाय मला. पण तुम्ही नसाल सांगत तर मी जाते त्या मिशीवाल्याकडं. हिंदी येत नाय, हातानं दाखवीन."

ती वळली. दोन पावलं टाकते तोच मागून तो आला, तिच्या पुढं गेला, थेट साहेबांसमोर उभा राहिला. गुंडी अजून चुकलेलीच.

"सर, खालच्या फळ्यांचे आकडे धरू नका. त्यांच्यावर रोज गोडं पाणी पडलंय. लक्ष ठेवायचं काम माझं होतं. चूक माझी."

कोट एकमेकांकडं बघू लागले. पानवलकरांनी चष्मा काढला. "कुणी टाकलं पाणी?"

"ते... माझी चूक, सर."

"मी ओतलं," हिरा म्हणाली.

सगळ्या माना वळल्या. मालनआत्यानं कपाळाला हात लावला.

"का?" पानवलकरांनी विचारलं.

"मीठ खातं ना, साहेब."

"खाऊ दे की! फळ्या सरकारच्या. तुझं काय जात होतं?"

आता काय सांगायचं? हिरानं वाळूकडं पाहिलं, समुद्राकडं पाहिलं. मग कुठंच बघायला उरलं नाही, तेव्हा सदानंदकडं.

"सरकारच्या कुठं..." ती हळू म्हणाली. "यांच्या आहेत."

वैमानिकाला मराठी किती येत होतं देव जाणे, पण तो मिशीतल्या मिशीत हसला आणि समुद्राकडं तोंड करून उभा राहिला. सदानंद नुसता बघत होता. काटा शोधत नव्हता.

पानवलकर मात्र हसले नाहीत. "या मालावर पैसा मिळणार नाही," ते म्हणाले. "वरची ओळ काढून बंगलोरला घेऊन जा. राळ बदला, नव्या फळ्या करा, मग मागा. मिळेल असं वचन देत नाही." जीपमध्ये चढता चढता थांबून पुढं म्हणाले, "खरं बोललात, ते मात्र लिहीन."

जीप गेली. धूळ बसली. दोघं मांडणीपाशी उभे, मधे त्या फोड आलेल्या फळ्या.

"रागावलात?"

"खूप."

"मग शिव्या द्या."

"देणार आहे. पण जन्मभर थोड्या थोड्या देईन म्हणतो..." तो अडखळला. "म्हणजे, तुझी ना नसेल तर. बंगलोरला समुद्र नाही, हिरा. बांगडा बर्फातला मिळतो. नोकरी राहील की नाही तेही—"

"बर्फातला?" तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "बाबांना हे शेवटी सांगा हां. आधी सांगितलंत तर पोरगी देणार नाहीत."

"कुठं आहेत ते?"

तिनं बोट दाखवलं. तिच्या बाबांची, खंडूची होडी आत वळत होती, पोट मासळीनं जड झालेलं. किनाऱ्याला लागायला अजून अवकाश होता. सदानंदला तेवढाही धीर निघेना. तो सरळ पाण्यात शिरला, घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, इस्त्रीच्या कपड्यांनिशी, होडीकडं हात हलवत.

"अहो!" हिरा काठावरून ओरडली. "आधी बूट तरी काढा!"