लिनसाहेबांचं एकमेव रीळ

"आई गं...!" दार ढकलायला गौरांगीचा हातच मोकळा नव्हता. छातीशी पत्र्याचा गोल डबा, जॅकेटवरून निथळणारं कॅनडातल्या बर्नाबीचं पावसाचं पाणी. तेवढ्यात कुणीतरी आतून दार उघडलं.

"मराठी? वा! आणि डब्यात काय, केक?"

"नव्वद वर्षांपूर्वीचं शांघाय," ती म्हणाली. "हलवू नका."

तो राजस, मूळचा नागपूरचा. युनिव्हर्सिटीच्या फिल्म-संग्रहातला, जुन्या रिळांची डिजिटल प्रत काढणारा स्कॅनर दुरुस्त करायला आला होता. ती तिथे शिकता शिकता पार्ट-टाइम काम करायची. पुढचे दोन आठवडे तो स्क्रू काढत राहिला आणि ती सांगत राहिली, लिन शूवेन नावाच्या दिग्दर्शकाबद्दल.

"आधी नाटकांचे पडदे रंगवायचे. सव्विसाव्या वर्षी पहिला मूकपट, मग अकरा वर्षांत बावीस! युद्धात स्टुडिओ जळाला, सगळं गेलं. इथे येऊन त्यांनी तीस वर्षं भाजीचं दुकान चालवलं... आणि आपण सिनेमे काढायचो, हे घरातसुद्धा बोलले नाहीत."

"कुणापाशीच नाही?"

"अंहं. गेल्या वर्षी नातवाला बेसमेंटमध्ये हा डबा मिळाला, तेव्हा कळलं."

राजस स्क्रूड्रायव्हर हातात तसाच धरून तिच्याकडे बघत राहायचा. तिने वर पाहिलं, की घाईघाईने स्क्रूकडे वळायचा.

फिल्म आकसून ठिसूळ झाली होती. यंत्रातून जेमतेम एकदा जाईल, तुटली तर संपलंच. राजसने त्या फिल्मच्या मापाचं दातेरी चाक बनवून आणलं. शुक्रवारी दुपारी दोघांनी श्वास रोखून रीळ लावलं.

पडद्यावर नदी उमटली. धुकं, शिडाच्या होड्या, वाऱ्याशी झगडत चालणारी एक तरुणी. इतक्यात एक सडपातळ माणूस धावत चौकटीत शिरला, तिचा उडालेला स्कार्फ नीट करू लागला... आणि कॅमेरा चालूच आहे हे लक्षात येऊन असा ओशाळला, असा खळखळून हसला, की ती तरुणीही हसत सुटली.

"लिन!" गौरांगीने पडद्याकडे बोट दाखवलं. "हे तेच... आणि ही त्यांची बायको. लग्नातला फोटो पाहिलाय मी."

रीळ संपलं. अखंड.

"माझं काम मंगळवारीच संपलं होतं," राजस हळूच म्हणाला. "तेव्हापासून सुट्टी टाकून येतोय."

"लिनसाहेबांसाठी?"

"हो... म्हणजे, नाही. तुझ्यासाठी—" तो गडबडला. "तुमच्यासाठी."

"तुझ्यासाठीच राहू दे," ती म्हणाली. डोळे भरले होते, तरी हसली.

मग तिने लिनसाहेबांच्या नातवाला फोन लावला. दुसरा हात राजसच्या हातात होता. हात तिथे कधी गेला, तिलाही कळलं नव्हतं.

"मिस्टर लिन, लगेच येता का? तुमचे आजोबा... इथे हसतायत."